अव्वा उठून बसली

मुरुम, ता. उमरगा

प्रिय रुद्रेश,

फोन सोडून अक्कानं पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘अव्वा कशी आहे’ विचारतोस, मी ‘बरी आहे’ म्हणते, आणि तेवढ्यात तुला दुसरा फोन येतो. शिवाय इतके दिवस अव्वा शेजारच्या खाटेवर पडून सगळं ऐकत असायची. आईच्या देखत आईचे हाल कसे सांगणार? आज दुकान लवकर बंद केलं आणि भांड्यांच्या मांडणीपाशीच लिहायला बसलेय.

नागप्पाकाकांच्या नातीच्या लग्नाहून आम्ही जीपनं येत होतो. अव्वा मागच्या बाकड्यावर. नळदुर्गच्या अलीकडं जीप गतिरोधकावरून उडाली, अव्वा बाकड्यावर आदळली आणि ‘अय्यो शिवा’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना. लचक भरली असेल म्हणून गावातल्या दवाखान्यात गोळ्या मिळाल्या. मी शेक दिला, तेल चोळलं. मोडलेल्या मणक्यावर मी रोज तेल चोळत होते, हे फार उशिरा कळलं.

तेव्हाचं मी तुला सांगितलेलं नाही. कुशीवर वळताना ती ओरडायची, शेजारच्या म्हाळसाबाई धावत यायच्या. मोरीपर्यंत न्यावं लागू नये म्हणून पाणी प्यायची नाही. पातेलं बोटानं वाजवून गिऱ्हाइकाला त्याचा नाद ऐकवणारी आपली अव्वा भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. एकदा म्हणाली, ‘शिवू, देवानं मला आता न्यावं गं. तू तरी सुटशील.’ असं बोलू नकोस म्हणायचंही त्राण माझ्यात नव्हतं. फक्त झोप येत होती.

शेवटी तिला सोलापूरला नेलं. एमआरआय झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. बाकीचे मणके चौकोनी, एक तेवढा पुढून दबून पाचरीसारखा झालेला. हाडं ठिसूळ झाली की एवढ्याशा धक्क्यानंही असं होतं, म्हणाल्या. पुष्कळांचं हाड विश्रांतीनं जुळून येतं, पण हिचं इतक्या आठवड्यांतही जुळलेलं नाही. मोठं ऑपरेशन लागणार नाही. पालथं झोपवून, एक्स-रेवर बघत पाठीतून सुई घालायची आणि दबलेल्या मणक्यात हाडांचं सिमेंट भरायचं. ते आतल्या आत घट्ट होतं. धोका विचारला तर तोही त्यांनी लपवला नाही. क्वचित सिमेंट बाहेर झिरपून नसेवर दाब येतो, पुढं कधी शेजारचा मणकाही दबू शकतो.

मी तुला तिथूनच फोन लावला. तू म्हणालास, ‘अक्का, या वयात पाठीत सिमेंट? घाई करू नको. मी पुढच्या महिन्यात येतो, मग बघू.’ तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू तिला कुशीवर वळताना पाहिलं नव्हतंस. मग मी अव्वालाच विचारलं. ती म्हणाली, ‘पालथं पडाय येतंय का तेवढं बघते. पुढचं काय व्हायचं ते होऊ दे.’ मी सही केली आणि तुला सगळं झाल्यावर कळवलं.

तिला आत नेलं. पाठीचा तेवढाच भाग बधिर करणार होते. मी बाहेर बाकावर देवाचं नाव घेत बसले, आणि बहुतेक बसल्या बसल्या झोपले, कारण नर्सनं खांदा हलवला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पाठीवर दोन लहान पट्ट्या, बस्स. संध्याकाळी तिला उठवून बसवायला आले तेव्हा मी ओरडणं ऐकायच्या तयारीनं डोळे मिटले. ती ओरडली नाही. डोळे उघडले तर अव्वा उठून बसलेली, पदर सारखा करत होती. ‘च्या मिळंल का?’ म्हणाली.

पाठीला आलेला बाक गेलेला नाही, तो राहणारच. हाडांची औषधं चालू आहेत. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. थोडं दुखतं अजून, पण तेवढ्या दुखण्यातही ती आता घरात फिरते, जेवते, माझ्या भाजीला नावं ठेवते.

परवा मी न्हाऊन अंगणात केस वाळवत होते. अव्वा दारात खुर्चीवर बसली होती. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, ‘शिवू, तुझं केस कवा गं पिकलं?’ इतके दिवस ती माझ्याकडं बघायची ती मी आता कुठं हात लावीन या भीतीनं. दुखणं हटलं तेव्हा तिला मी दिसले. मी उठले. आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

तेव्हापासून तिनं एकच धरलंय, ‘रुद्रेशला बोलव. तू जरा जा कुठंतरी.’ म्हणून हे पत्र. होळीच्या आदल्या दिवशी मी महिनाभरासाठी माझ्या मैत्रिणीकडं, हर्षालीकडं मिरजेला जातेय. तिकीट काढलंय. त्याआधी तू ये. तुझं काम घरून चालतं म्हणतोस, तर ते या घरूनही चालेल. जाऊ का, असं मी विचारत नाहीय. मिरजेत काय करणार म्हणशील, तर झोपणार. पुढचं काही ठरवलेलं नाही. अव्वाला उठवताना दंडाला धरून ओढू नकोस. आधी तिला कुशीवर होऊ दे, मग पाय खाटेखाली सोडू दे, मग हातावर जोर देऊन तिची तीच उठते. तू नुसता जवळ उभा राहा.

तुझीच,
शिवानीअक्का