राखून ठेवलेली वीज

१४ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, आणि पोरीला आशीर्वाद, ती घेत असेल तर. मी मजेत आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण जिने चढू देतो. फोनवर आपलं ‘बरं आहे ना, बरं आहे’च्या पुढे काही जात नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. अक्षर लागलं नाही तर भाऊजींकडून वाचून घे.

मी नक्की काय काम करतो, हे भाऊजी दरवेळी विचारतात आणि दरवेळी विसरतात. त्यांना पुन्हा सांग. एआयला शिकवायचं तर हजारो यंत्रं महिनोन्महिने अखंड चालवावी लागतात. ती ज्या इमारतीत ठेवतात तिला डेटा सेंटर म्हणायचं. एकेक इमारत एका गावाएवढी वीज खाते. मोठ्या शहरांतली वीज तर आता सगळ्यांनी वाटून घेतली आहे. म्हणून कंपनी मला पाठवते, कुठल्या गावात अजून शिल्लक आहे ते बघायला. थोडक्यात, तुझा भाऊ या वयात जागा शोधत वणवण फिरतो.

गेल्या महिन्यात एका मध्यम शहरात गेलो. सरकारी यादीत त्याच्यापुढे ‘शिल्लक : शून्य’ लिहिलं होतं. ऑफिसातली तरुण मंडळी यादी बघतात आणि पुढचं गाव धरतात. मी मात्र तिथल्या वीज उपकेंद्रात जाऊन बसतो, चहा घेतो आणि एकच प्रश्न विचारतो : ऐन उन्हाळ्यात, दुपारी तीन वाजता, वापराच्या मीटरचा काटा कुठवर गेला होता?

तिथल्या ऑपरेटरबाईंनी वही काढली. काटा निम्म्यावरसुद्धा गेला नव्हता.

“मग उरलेली वीज गेली कुठे?” मी विचारलं.

“ती राखीव आहे. एका कंपनीने कारखाना टाकायचा म्हणून मागून ठेवली आहे. आठ वर्षं झाली. दरवर्षी पत्र येतं, पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणून.”

“आणि तुम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही?”

“कशी देणार? त्यांनी नको म्हटलेलं नाही ना.”

मी खूप हसलो. बाईही हसल्या. मग मी त्या कंपनीला सरळ विचारलं, तुम्ही येणार आहात का? आठ दिवसांत उत्तर आलं : नाही, सोडून द्या. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. पण ताई, परतीच्या वाटेवर ते हसू विरलं. मला माझी लाज वाटायला लागली, आणि आता ती तुला सांगितल्याशिवाय सुटका नाही.

दोन वर्षांपूर्वी तू विचारलंस, पोरीला तुझ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळतोय, तुझ्याकडे राहील का? मी म्हणालो, आतल्या खोलीत ऑफिसचं सामान भरलंय, पाय ठेवायला जागा नाही. ते खोटं होतं. त्या खोलीत एक पलंग होता आणि त्याच्यावर धुतलेली चादर. माझा मुलगा परदेशी गेल्यापासून ‘पुढच्या वर्षी परत येतो, बाबा’ म्हणत होता. मी दर रविवारी ती खोली झाडायचो. पोर राहायला आली आणि नेमका तो आला तर त्याला काय सांगायचं, एवढाच विचार मी केला. पोरीचा केला नाही.

ती वसतिगृहात राहिली, दुसऱ्याच महिन्यात कावीळ घेऊन घरी परतली आणि तिचं शिक्षण अर्धवट राहिलं. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

परवा मुलाला फोन केला. म्हटलं, बाबा रे, खरं सांग, तू येणार आहेस का? तो म्हणाला, “बाबा, आम्ही इथेच घर घेतलंय. वर्ष झालं. तुम्ही खोली आवरून ठेवता म्हटल्यावर सांगायला जीभ रेटली नाही.” पोरगा सुखात आहे. आवाज छान होता त्याचा.

मग मी खोली आवरायला घेतली. भिंतीला नवा रंग दिलाय. खिडकीशी टेबल मांडलंय, उजेड डावीकडून येईल असं.

भाऊजींकडून कळलं, पोरीला त्याच कॉलेजात पुन्हा प्रवेश मिळालाय आणि ती वसतिगृहाचा अर्ज भरते आहे. तिने तो भरू नये असं मला फार वाटतं. पण मामा म्हणून हक्काने सांगायचं तोंड मला नाही, म्हणून विचारतो आहे. ती नाही म्हणाली तरी मी रागावणार नाही.

तुझा खोटारडा,
धाकटा


२३ ऑगस्ट

चि. धाकट्या,

पत्र मिळालं. यांनी विजेचा भाग मोठ्याने वाचून दाखवला आणि आता तुझं काम समजलं असं जाहीर केलं. त्यांना काहीही समजलेलं नाही.

सामानाचं खोटं मला त्याच दिवशी कळलं होतं. दोन सदऱ्यांवर संसार करणारा माणूस तू, तुझ्या खोलीत सामान भरणार कुठून? पोरीच्या आजारपणाचं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण मला सलत होतं ते वेगळंच. तू पोराची वाट बघत खोली झाडत बसलास आणि मला सांगितलं नाहीस. एवढी परकी कधी झाले मी?

पोरीला पत्र वाचायला दिलं. म्हणाली, “मामाला सांग, येते. पण पाहुणी म्हणून नाही, एक वेळचा स्वयंपाक माझा.” तिला स्वयंपाक येत नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवते.

रविवारी सकाळी पोचतो. तिला सोडून लगेच निघायचं, असं यांचं म्हणणं आहे. मी मात्र राहणार आहे. पोराचा फोन ठेवल्यापासून खोली आवरायला उठेपर्यंत तू काय केलंस, ते तू लिहिलेलं नाहीस. तेवढं ऐकायला येते आहे.

तुझी,
ताई