रुईचा हौद

३ फेब्रुवारी
पोचलो एकदाचा. दौंडला उतरलो, भेळ खाल्ली, एक जण कबुतरं विकत होता, त्याच्याजवळ तास गेला. काम सोपंय. रुळाकडेची इंग्रजांच्या काळची कापूस-वखार तिचे मालक पोपटरावआप्पा लोकांना बघायला उघडणारेत. मी झाडायचं, माहितीचे फलक लावायचे. जेवण वखारीशेजारच्या साखरबाईमावशींकडं. आप्पा म्हणाले, नववी नापास असलास तरी अक्षर बरंय, नुसता टिक म्हंजी झालं.

५ फेब्रुवारी
फलक वाचत बसलो, लावायचे राहिले. इथं कापसाच्या गाठी बांधायच्या, रेल्वेनं मुंबई बंदर, तिथून जहाजानं विलायत. तिकडं अमेरिकेत युद्ध लागलं तवा लोकांनी गाद्यासुद्धा उसवून कापूस विकला म्हणे. वखारीत जमिनीत हौद आहे, पुरुषभर खोल. वरून रुई, म्हंजी सरकी काढलेला कापूस, टाकायची, आत एकानं तुडवायची. रिकामाच होता. मी उतरून तुडवल्यासारखं केलं, व्हिडिओ काढला.

६ फेब्रुवारी
पिंढऱ्या दगड झाल्यात. मावशींनी विचारलं, वर कोण उभं होतं? कुणी नाही म्हटल्यावर त्या भाकरी थापायच्या थांबल्या. म्हणाल्या, "एकटं उतरत न्हाईत रं त्यात. काठावरच्यानं 'बास' म्हटल्याबिगर तुडवणारा सुटत न्हाई." एकदा जहाज सुटायची घाई होती. काठावरचा 'बास' न म्हणताच गाडी भरायला पळाला. आतला तुडवत राहिला, वरून रुई पडत राहिली. तो काय वर आला नाही. मी हसून म्हटलं, मग म्हणा की तुम्ही बास. म्हणाल्या, गुडघं धरल्यात, दोन दिसांनी येती.

७ फेब्रुवारी
जेवून आडवा झालो. जाग आली ती हौदात. उभा. पाय आपोआप चाललेले. घोट्यापर्यंत रुई. वखारीत तर कापसाचं बोंडही नाही. काठ धरून कसाबसा वर आलो.

८ फेब्रुवारी, सकाळ
पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. शिरूरच्या एसटीत बसलो, डोळा लागला— परत हौद. कमरेपर्यंत. वही खिशातच होती, उभ्यानं लिहितोय. लई दमलोय. भीती वाटायलाही ताकद लागते.

दुपार
छातीपर्यंत. हौद खोल गेलाय, काठ हाताला लागत नाही. वरून पडतीय, टाकणारा दिसत नाही. पायाखाली रुई नाही, काहीतरी कडक— खांदे असावेत. तेही हलतायत. माझ्याच तालात.

मावशी आल्या. काठावर. ओरडल्या, बास.

पायाखालचं थांबलं. माझे पाय चालूच—

तो सुटला. माझ्याआधीचा, तेव्हा वर न आलेला. मावशी, आणखी एकदा म्हणा, माझ्यासाठी— त्या पळाल्या. तो वर येतोय, माझ्या खांद्यावर पाय देऊन, आन् रुई पार तोंडा