‘खालचा मजला’ची बाजू घेतली म्हणून

३ नोव्हें. ८७, मंगळवार
शाळेला सुट्टी. दुपारी एकटीच टॉकीजला जाऊन ‘खालचा मजला’ बघून आले. हे ऑफिसात. थिएटरात जेमतेम वीस माणसं. दोन गाणी जास्त, विनोदी मामा तर नकोच होता. नायक डबल ड्युटी करून येतो तरी शर्टाची इस्त्री मोडत नाही. पण ती बाई! वर कापडाचे लूम, खाली तिचं बिऱ्हाड. कणीक मळता मळता थांबते आणि छताकडे बघते. मीही अशीच बघते. इतकी वर्षं वाटायचं, ही खोड माझी एकटीचीच.

५ नोव्हें.
पेपरात परीक्षण आलं. ‘तीन तास छत पडणार, पडणार म्हणून बसवून ठेवतात आणि ते पडतच नाही.’ शिवाय, अशी घरं असतात तरी कुठे, म्हणे. आमच्या डोक्यावर बारा लूम आहेत. भांडी मांडणीवरून सरकतात.
संपादकांना पत्र लिहिलं. मामा, गाणी, सगळं कबूल केलं. पण छत न पडणं ही चूक नाही. ते आज पडलं नाही, एवढ्यावरच माणसं उद्याचा स्वयंपाक करतात. आमच्याकडेही असंच आहे, हेही लिहून गेले. यांना दाखवलं नाही.

१२ नोव्हें.
पत्र छापलं. खाली माझं पूर्ण नाव, भिवंडी. सिनेमा तोवर उतरलासुद्धा. हेडबाई म्हणाल्या, छान लिहिलंय, पण स्वतःच्या घराचं कशाला लिहायचं?  जेवून हात धुताना हे एवढंच म्हणाले, “तात्यांकडे हाच पेपर येतो.”
तात्या म्हणजे घरमालक. वरचे लूमही त्यांचेच.

१५ नोव्हें., रविवार
तात्या आले. चहा घेतला. काल्हेरच्या जमिनीचं, तिथे गोदामं उठतायत त्याचं बोलत बसले. पेपर खिशात घडी करून ठेवलेला, दिसत होता. उठताना म्हणाले, “बाई, घर धोक्याचा हाय तं ऱ्हाता कशाला?”
हे उगीच हसले. मी म्हटलं, पत्र सिनेमाबद्दल आहे.
“सिनेमा तीन तासांत संपतो,” तात्या म्हणाले, आणि चपला घातल्या.

१९ नोव्हें.
जिन्याशी रहीमभाई भेटले, वरच्या लूमचे मुकादम. कोणीतरी त्यांना पत्र हिंदीत सांगितलेलं. रागावले नव्हते. “आपने सही लिखा, बाई. पर लूम बंद हुए तो हम चौबीस आदमी कहाँ जाएँगे?”
 घरी येऊन सिनेमा आठवत बसले. सिनेमात वरच्या कामगारांचे नुसते पाय दिसतात. तोंड एकाचंही नाही. एवढी मोठी चूक परीक्षकानं पकडली नाही, आणि मीही नाही. तरी तो सिनेमा मला…

२४ नोव्हें.
परीक्षकाचं उत्तर, दोन ओळी. बाईंच्या घराबद्दल सहानुभूती आहे, पण त्यानं वाईट सिनेमा चांगला होत नाही. अर्धं खरं आहे, म्हणूनच लागलं.
टेम्पोतून आज चार नवे लूम आले. दोर लावून वर चढवले. तात्या खाली खुर्ची टाकून बसलेले. माझ्याकडे बघून हात जोडले. यांनी अंबाडी गावाला त्यांच्या बहिणीकडे निरोप धाडला, खोली बघून ठेव म्हणून. मला न विचारता. मीही नको म्हटलं नाही.

२ डिसें., बुधवार
समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहितेय. पर्स आणि ही वही तेवढी हाताला लागली.
साडेतीनला वरचे लूम एकदम थांबले. लाइट तर होती. रहीमभाई धावत खाली आले. तुळईतून आवाज आला, बाहेर निघा, म्हणाले. सगळे रस्त्यावर. यांना ऑफिसात फोन केला, जागेवर नाहीत.
तात्या आले. एकटेच वर गेले, पाच मिनिटांत उतरले. खांद्यावर चुन्याची भुकटी. “काय न्हाय. लाकूड हाय, आवाज करनारच.” मग रहीमभाईंना म्हणाले, “चालू करा.”
कोणी हललं नाही. तात्यांनी पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता. रहीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. सगळ्यांसमोर. तात्यांनीही पाहिलं.
रहीमभाई तिथेच उभे आहेत. त्यांच्या शेजारून एक कामगार जिन्याकडे निघालाय, लूम चालू करायला.