पाहुण्याचा डावा हात

कुंभार पिंपळगाव

ती. प्रेमलाताईस भांडखोर धाकटीचा नमस्कार,

सुखरूप पोचले. आपली भाची निवेदिता मुख्याध्यापिका असली तरी मला गरम भाकरी वाढते. गुडघा ठीक आहे, म्हणजे चालतोय. तू एकटी आहेस, जिना उतरताना कठडा धर. मोतीबिंदूचं काय ठरलं?

आले ती चिडूनच. निवेदिताच्या शाळेत इंग्रजी शिकवायला म्हणे माणसाएवढा यंत्रमानव! मग बत्तीस वर्षं मी काय खडू खात होते? मुलं त्याला 'पाहुणा' म्हणतात.

वर्गात धनगराची अंजू आहे. तिच्या इंग्रजी बोलण्याला एकदा सगळे हसले, तेव्हापासून वर्षभर ती गप्प. तिची आजी गोपिकाबाई म्हणाल्या, "न्हाई जमत तिला. मंग दिवाळीनंतर मेंढरांमागंच जाऊ द्या."

काल सरस्वतीपूजनाचा प्रसाद अंजू वाटत होती. पाहुण्याचा उजवा हात बिघडून अडकलेला, त्याने डावा पुढे केला. अंजूबाई भडकली! त्याला फक्त इंग्रजी कळतं, म्हणून इंग्रजीतच: "नो! नॉट धिस हँड! राइट हँड!" आपला उजवा हात त्याच्या नाकापुढे नाचवत. त्याने मान खाली घालून "सॉरी, अंजू" म्हटलं. वर्ग हसला, पण या वेळी त्याला.

दारातून गोपिकाबाईंनी विचारलं, "कुणाला झापून राह्यली गं?"

"इंग्रजीत झापतेय," मी म्हटलं.

त्या पदराआड हसल्या. "मंग शिकू द्या."

आज पाहुण्याच्या हातासाठी दुरुस्तीवाला आला. चहा पाजून मी त्याला परत पाठवलं. वर्गात अजून सात मुलं गप्प आहेत.

तुझीच,
सुलभा