बेल्टच्या झाकणाचे दोन बोल्ट

डमडम, कोलकाता, रविवार दुपार

ती. उदयमामांस,

मंदारचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार नेहमीसारखा कागदावरचा नाही, खरोखर जमिनीवर पडून घातलाय असं समजावं.) मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमची साखर काय म्हणते? इकडे श्यामला बरी आहे. कादंबरी शाळेतून आली की ‘आई, मला भूक पायली’ म्हणते. तिचं मराठी असं हळूहळू बंगाली होत चाललंय. माझी खुशाली मात्र विचारू नका. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुमचा आवाज ऐकावा लागला असता.

आधी चांगली बातमी सांगतो. तुमची गाडी उत्तम आहे. तुम्ही नाशिकला जाताना गाडी माझ्या हवाली केलीत, आणि गाडीबरोबर हारानदाही, म्हणजे बावीस वर्षं तिला हात लावणारा तुमचा मेकॅनिक. गाडीला पोचा आला तरी चालेल, पण त्या माणसाला जप, असं तुम्ही स्टेशनवर म्हणाला होतात. गाडीला एकही पोचा आलेला नाही. यावरून पुढचं ओळखलं असेलच.

मागच्या शनिवारी हारानदाने टायमिंग बेल्ट बदलला. घरी येताना गाडी इतकी गप्प होती की सिग्नलला बंद पडली की काय असं वाटून मी दोनदा चावी फिरवली. रविवारी मला नवा बेल्ट बघायची हौस आली. (तुम्हाला फोटो पाठवायचा होता. पाठवलाही. तुम्ही ‘शाब्बास’ लिहिलंत. ते परत घ्यावं.) खाली पार्किंगमध्ये मी बेल्टवरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. मध्ये येतो म्हणून इंजिन धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचा एक बोल्टही ढिला केला, तेव्हा इंजिन किंचित खाली बसलं. हाताला येईल तसं सगळं आवळलं आणि वर येऊन आंघोळ केली.

सोमवारी गाडीला हिवताप भरला. उभी असली की स्टिअरिंग थरथरायचं, आणि उजवीकडून खरखर, जणू कोणी आत नारळ खवतंय. मी रात्रभर व्हिडिओ बघून निदान केलं की बेल्ट एक दात चुकवून बसवलाय. तेच ‘डमडम मराठी’ ग्रुपवर लिहिलं आणि वर पुस्ती जोडली, की हारानदाचं वय झालं, गाड्या देताना विचार करा. तीन घरांनी त्याच दिवशी गाड्या दुसरीकडे नेल्या. त्याखाली तुम्ही फक्त ‘हारानदा? आश्चर्य आहे’ एवढंच लिहिलं होतंत. तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी ग्रुपवर लिहून मी गॅरेजात गेलो. शेजारच्या चहाच्या बाकावर नेहमीची मंडळी होती, म्हणून माझा आवाज जरा चढलाच. हारानदाने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग झाकणावरून हात फिरवला, आणि तो हात एका जागी थांबला. मला विचारलं, “किसी ने खोला था?”

मामा, मी “नहीं” म्हणालो.

इतक्या लोकांसमोर, इतकं निदान सांगून झाल्यावर, ‘हो, मीच’ हे तोंडातून निघेना. आणि मी सगळं नीट लावलंय अशी माझी खात्रीही होती. हारानदाने झाकणावरच्या दोन रिकाम्या भोकांत बोट घातलं. मग हळूच म्हणाला, “तो मैं ही भूल गया.” झाकणाचे दोन बोल्ट नव्हतेच, झाकण बेल्टला घासत होतं. त्याने नवे लावले, माउंटिंग आवळलं, दहा मिनिटांत गाडी गप्प. बुधवारी गॅरेजला कुलूप होतं.

गुरुवारी श्यामलाने दोरीवरून माझी रविवारची चड्डी काढली आणि खिशातून दोन बोल्ट काढून माझ्या ताटाशेजारी ठेवले. (ती बोलली असती तर वाद घालता आला असता.)

काल, शनिवारी, बजबजची लोकल पकडली. तुमच्या गाडीतून जायचं धैर्य नव्हतं. हारानदा तिथे मुलीकडे राहायला गेला होता. गॅस पेटवायला उठला तर मुलगी म्हणाली, “बाबा, तुमी बोशो, भुले जाबे.” तुम्ही बसा, विसराल. तो बसला. मी बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवले आणि माझ्या खिशात सापडले म्हणून सांगितलं. त्याने ते उजेडात धरले, मुलीला हाक मारली, आणि मला तिच्यासमोर सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग उठला आणि स्वतः चहा केला. चिडला असता तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, की मी विचारलं होतं, तेव्हा का नाही सांगितलंत?

तो परत यायला तयार झाला, पण अट एकच: बाकावरच्या मंडळींना मी सांगायचं, आणि बंगालीत. आज सकाळी सांगितलं. “आमि मिथ्या बोलेछे” म्हणताच एका निवृत्त हेडमास्तरांनी मला थांबवलं, ‘बोलेछि’ असं दुरुस्त केलं, आणि पूर्ण वाक्य पुन्हा म्हणून घेतलं. म्हणजे मी खोटं बोललो हे मी दोनदा कबूल केलंय, आणि दुसऱ्यांदा व्याकरणशुद्ध. हारानदा आत कोणाचा तरी रेडिएटर उघडत होता. त्याने वर पाहिलं नाही.

मामींना नमस्कार. रागवा, पण जरा बेताने.

तुमचा,
मंदार

ता. क. एक काम होतं. ग्रुपवर अजून माझा तो जुना मजकूर तसाच आहे. तुमचा शब्द सगळे मानतात. जुन्या गाड्यांचे असे बोल्ट धक्क्यांनी आपोआप गळतात, हारानदाचा दोष नाही, एवढं तुम्ही लिहाल का? माझं नाव मध्ये यायला नको.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी श्यामलाने पत्र वाचलं, माझा फोन माझ्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. मी लिहिलं: ‘बोल्ट मी काढले, मी विसरलो, हारानदाने विचारल्यावर नाही म्हणालो.’ मिनिटभरात पहिलं उत्तर आलं, ते तुमचं: ‘हारानदाचा फोन काल संध्याकाळीच आला. तू कधी सांगतोस ते बघत होतो.’ पत्र तरीही टाकतोय. पहिला ता. क. तेवढा वाचू नका.