निगुरी

बाबा,

तुम्हाला गुरू म्हणायचा हक्क मला आहे की नाही, हे तुम्हीच एकदा सांगून जायला हवं होतं. आता कुणाला विचारू?

लग्न होऊन थेरगावात आले आणि चार दिवसांत कळलं, सासूबाई माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. "निगुरीच्या हातचं पानी आमाला चालत न्हाई," एवढंच. ज्याला गुरू नाही तो निगुरा. माझ्या माहेरी हा शब्दच कधी कानावर पडला नव्हता. शेण मी काढायचं, जळण मी फोडायचं आणि तांब्या भरायचा तो जावेनं. असा संताप यायचा! शेवटी त्याच मला पुनावळ्याला आपल्या गुरूंकडे, म्हणजे तुमच्याकडे घेऊन आल्या. मला वाटलं होतं, मठ असेल, गादी असेल. तुम्ही तर खळ्यावर ज्वारी उपणत उभे, भुवयांवर भुसकट. "हिचा कान फुंका बाबा," सासूबाई म्हणाल्या. तुम्ही मला विचारलंत, "कुणाच्या भ्यानं आलीस, पोरी?" मी सरळ सासूबाईंकडे बोट केलं.

तुम्ही इतके हसलात की हातातलं सूप खाली ठेवावं लागलं. "मग हिला मंत्र न्हाई. भ्यानं घेतल्याला मंत्र अंगी लागत न्हाई. जा, त्या माठातलं पानी आण." मी आणलं. तुम्ही तांब्याला तोंड लावून प्यायलात आणि उरलेलं सासूबाईंपुढे धरलंत. गुरूचं उष्टं म्हणजे प्रसाद, नाही कसं म्हणणार? प्यायल्या बिचाऱ्या, एरंडेल घेतल्यासारखं तोंड करून. त्या दिवसापासून घरात माझ्या हातचं पाणी चालायला लागलं.

पुढं नदीपलीकडच्या औषधाच्या कंपनीत बायकांना कामावर घेत होते. मला जायचंच होतं. थोरले दीर म्हणाले, आपल्या घरातली बाई शिफ्टला जाणार न्हाई. मी एकटीच तुमच्याकडे आले. म्हटलं, अनुग्रह द्या. गळ्यात माळ दिसली की लोकांची तोंडं बंद होतील. तुम्ही मान हलवलीत. "म्हंजी आता दिराचं भ्या." मी भडकले. "गुरू वाट दाखवतो म्हणतात, तुम्ही तर दारच लावून घेता!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "दार उघडं हाय. पर आडोसा म्हनून येऊ नगंस. कामाला जायचंय ना? मग जा की." मी रागारागानं घरी आले, आणि सोमवारी डबा घेऊन सगळ्यांदेखत बाहेर पडले. दीर महिनाभर बोलले नाहीत. नाही तर नाही.

नोकरी पक्की झाली. मग एका सुट्टीच्या दिवशी सहज मनात आलं, आज बाबांकडे जावं. कुणाचं भय नव्हतं, काही मागायचं नव्हतं, फक्त तुमच्यापाशी बसायचं होतं. लुगडं बदलून निघाले तोच पुनावळ्याचा माणूस दारात. तुम्ही पहाटे गेला होतात.

सासूबाई शेवटच्या दुखण्यात पडल्या तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "कान आन हिकडं. बाबांनी मला दिला त्यो तुला सांगते. मागं निगुरी ऱ्हाऊ नगंस." किती माया होती त्या बोलण्यात! मी त्यांच्या ओठांवर हात ठेवला. "आत्या, ऱ्हाऊ द्या."

भजनातल्या बायका अजून मागं लागतात, अमुक महाराज आलेत, उपदेश घे, अशी मरू नकोस. मी नाही म्हणते, आणि शेवटपर्यंत नाहीच म्हणणार. लोक म्हणतात, बाईला ताठा फार. म्हणू देत. हे पत्र कुठं टाकायचं तेही मला ठाऊक नाही, म्हणून तुम्हालाच सांगते: ताठा नाही हो बाबा. मला मंत्र तुमच्याच तोंडून हवा होता.