वरची खोली

सर, तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात मी तुमच्याशी बोलत असते, पण लिहायला आज पहिल्यांदाच बसले आहे. सांगलीतल्या माझ्या ऑफिसात दुपारची सगळी जेवायला गेली आहेत. मला भूक नाही.

पाटणहून एसटीनं येऊन मी तुमच्याकडे नकाशे काढायच्या कामाला लागले, तेव्हा साताऱ्यातल्या तुमच्या घराची पुढची खोली हेच ऑफिस होतं. मागं स्वयंपाकघर, मधे नुसता पडदा. काकूंनी मिरचीची फोडणी दिली की आम्ही सगळे खोकत सुटायचो, आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "तोंड तिकडं करून खोका, शाई वाळली न्हाई अजून." दुपारी काकू मलाही पाटावर बसवून वाढायच्या. डबा आणू नकोस, असा त्यांचा दमच होता.

तिथंच एकदा तुम्ही मला बोललात. एका इमारतीच्या नकाशात मी प्रत्येक बेडरूमबाहेर फुलझाडांसाठी जागा दाखवली होती. प्लॉटवर किती बांधायचं याची मर्यादा असते, त्यात ही जागा धरत नाहीत. पुढं भिंत पाडून ती खोलीत घ्यायची, असं बिल्डरनं मला समजावलं होतं आणि मला ती हुशारी वाटली होती. तुम्ही नकाशातल्या त्या जागेवर बोट ठेवता. मग तुमच्या मेढ्याकडच्या बोलीत विचारता, "हितं कंचं फूल लावायचं हाय?" मी हसते. तुम्ही हसत नाही. "खोली म्हणून इकणार असंल तर खोली म्हणून काढ. न्हाईतर काढूच नगं." तो बिल्डर दुसरीकडं गेला. तुम्ही हात धुऊन जेवायला बसलात आणि त्याच्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाहीत.

मध्यंतरी तासगावचा एक बिल्डर माझ्याकडे आला. बेदाण्याच्या व्यापारातून बांधकामात उतरलेला, बोलायला मऊ. त्याला प्रत्येक फ्लॅटचा हॉल दुप्पट उंचीचा हवा होता. नकाशात एकच हॉल दिसणार, म्हणून मोजणीत तो एकदाच धरला जाणार. महापालिकेची तपासणी झाली की मधे स्लॅब टाकायचा आणि वरची खोली म्हणून विकायची. "मॅडम, कागदावर सगळं नियमात ऱ्हातंय. पुढं घरात कोण काय करतंय, ते आपन कशाला बगायचं?" मी नाही म्हणाले. त्यानं चहा संपवला, नमस्कार करून गेला. पुढं त्या साइटवर बोर्ड लागला, त्यावर आर्किटेक्ट म्हणून तुमच्या मुलाचं नाव होतं.

तेव्हा मी गप्प बसले. आपण नाही म्हणालो, आपलं काम संपलं, असं मला वाटलं. मग जावळीकडचे एक निवृत्त सुभेदार कुणाच्या तरी ओळखीनं आले. आयुष्यभराची पुंजी घालून त्यांनी त्याच इमारतीत घर घेतलं होतं. "वरच्या खोलीचं दार लागंना झालंय. बिल्डर म्हणतो, रंधा मारा. तुमी एकदा येऊन बगा." मी गेले. दार ठीक होतं, स्लॅब मधून खाली बसला होता. हॉलच्या भिंतींना जिथं तो अडकवला होता तिथं बोट जाईल एवढी भेग. वर त्यांची सून तान्ह्या लेकराला घेऊन झोपत होती. मी म्हणाले, आजपासून इथं कुणी झोपू नका.

तिथून उठून मी तुमच्या मुलाकडे गेले. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तो स्लॅब माझ्या नकाशात नाहीच."

"म्हणूनच आले. तो टाकणार हे तुला माहीत होतं."

"सगळ्यांनाच माहीत असतं. बाबा नाही म्हणत राहिले आणि शेवटी कंपाउंडच्या भिंतींची कामं करत गेले. मी बघितलंय ते." मग डोळे चोळत म्हणाला, "तुला लिहून द्यायचं तर दे."

मी सुभेदारांना लिहून दिलं. तो स्लॅब धोक्याचा आहे, आणि असा हॉल कशासाठी काढतात, तेही. सुभेदारांनी ते महापालिकेत नेलं. सगळ्या फ्लॅटमधले स्लॅब तोडायचा हुकूम निघाला. बिल्डरनं दंड भरला आणि पलीकडच्या रस्त्याला नवं काम काढलं. तुमच्या मुलाचं लायसन मात्र चौकशी होईपर्यंत थांबवलंय. सुभेदार भेटले, तर आभार मानून म्हणाले, "जीव वाचला ह्ये खरं. पन खोली गेली, आता म्हातारा-म्हातारी हॉलात निजतो."

तुम्ही असतात तर मला काय म्हणाला असतात, याचा मी फार विचार केला. परकं कुणी असतं तर तुम्ही लिहून दिलंच असतंत. हा तुमचा मुलगा होता, आणि तिथं माझं डोकं चालत नाही.

हे पत्र पाठवायचं कुठं हा प्रश्न नाही. साताऱ्याचं घर तेच आहे, पण तिथं टपाल काकू उघडतात, म्हणून ते इथंच राहील. काल त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, "पोराच्या वाईटावर कोण टपलंय गं? तुझी वळख हाय महापालिकेत, जरा इचारून बगशील?"

मी म्हणाले, "बघते, काकू."